कामावरून काढलं? आधी दिवस मोजा

आमच्या युनियनच्या ऑफिसात संध्याकाळी जो कोणी येतो त्याला मी पहिला प्रश्न विचारतो, गेट कधी बंद झालं? तारीख सांगा. का काढलं, साहेब कसा आहे, हे सगळं नंतर. मागे एक वेल्डर आला होता, बारा वर्षांची नोकरी झालेला. कंपनीने त्याला कागदाचा कपटाही दिला नव्हता. दर सोमवारी एचआरवाले सांगायचे, "मोठे साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या आठवड्यात या," आणि हा दर सोमवारी डबा घेऊन जायचा. असे चार महिने गेले. मग एक दिवस सुरक्षारक्षकानेच सांगितलं की तुमचं नाव यादीत नाही, तुम्ही स्वतःहून काम सोडलंय. महाराष्ट्रात कामगार न्यायालयात अनुचित श्रम प्रथेची (म्हणजे मालकाच्या कायद्याने मना केलेल्या वागण्याची) तक्रार करायची मुदत ९० दिवसांची आहे. त्याची केस शेवटी दाखल झाली, पण आधी उशीर माफ करून घेण्यावरच दीड वर्ष गेलं.

म्हणून हा लेख दिवसांच्या हिशेबाने लिहिला आहे.

पहिले तीन दिवस: गेटवरून थेट पोस्टात

तोंडी काढलं असेल तर ते कागदावर आणणं तुमच्याच हातात आहे. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, पत्र लिहा. भाषा साधी हवी, शिव्याशाप नकोत. मी सांगतो ते असं:

"मी दिनांक अमुक रोजी नेहमीप्रमाणे पहिल्या पाळीस कामावर हजर झालो असता गेटवरील सुरक्षारक्षकाने मला आत जाऊ दिले नाही. मला कोणतेही लेखी कारण देण्यात आलेले नाही. मी काम सोडलेले नाही. मी कामावर हजर होण्यास तयार होतो व आजही आहे. मला कामावर घ्यावे, अन्यथा लेखी कळवावे."

एवढंच. हे स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा, पोहोच झाल्याची नोंद पोस्टाच्या संकेतस्थळावरून छापून ठेवा. शिवाय एचआरच्या ईमेलवर पाठवा. "काम सोडलेले नाही" हे वाक्य गाळू नका. मालकाचा सगळ्यात आवडता बचाव "तो स्वतःच यायचा बंद झाला" हा असतो आणि त्यावर तारखेसकट उत्तर म्हणजे हे पत्र. त्याला उत्तर म्हणून कंपनीने "ताबडतोब हजर व्हा" असं पत्र पाठवलं, तर घरी बसू नका. सोबत एक साक्षीदार घेऊन गेटवर जा आणि आत घेतलं नाही तर त्याच संध्याकाळी दुसरं पत्र टाका.

आता राजीनाम्याविषयी. केबिनमध्ये बोलावून "राजीनामा दे, नाहीतर चोरीची केस करतो" असं सांगणं ही जुनी रीत आहे. सही करू नका. केली असेल तर त्याच दिवशी ईमेल आणि व्हॉट्सॲप करून कळवा की सही दबावाखाली घेतली आहे, राजीनामा मागे घेत आहे. आठवड्याने लिहिलेल्या पत्राला फार किंमत राहत नाही. हिशेबाचा चेक हातात ठेवला तर पैसे घ्यायला हरकत नाही, फक्त पावतीवर "हक्क राखून स्वीकारले" असं स्वतःच्या अक्षरात लिहा. आणि "माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही" असं छापलेलं वाक्य त्या कागदावर असेल तर सही करायच्या आधी कुणाला तरी दाखवा.

पहिला महिना: कागद गोळा करा

नियुक्तिपत्र नसलं म्हणून घाबरू नका, निम्म्या लोकांकडे ते नसतंच. नोकरीचा माग इतर ठिकाणी राहतो. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर, वापरून पीएफचं पासबुक काढा, त्यात मालकाचं नाव आणि महिनावार भरणा दिसतो. ईएसआयचं कार्ड, बँकेचं स्टेटमेंट, पाळीच्या ग्रुपवरचे मेसेज, गेटपास, गणवेशाची पावती, बोनसचं पत्र, कंपनीच्या बसचा पास, सगळं एका फाइलीत लावा. मोबाइलमधला पुरावा द्यायचा असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे फोन विकू नका, बदलू नका.

यातला मुख्य आकडा २४० दिवस हा आहे. काढण्याआधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं असेल तर कायदा ते एक वर्षाचं सलग काम मानतो. अशा कामगाराला कामावरून कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो, तोही काढतानाच. पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्या या मोजणीत धरतात, हे कित्येक कामगारांना ठाऊकच नसतं. दर सात महिन्यांनी "ब्रेक" देणाऱ्या कंपन्यांना मात्र ते चांगलं ठाऊक असतं. २४० दिवस भरल्याचा पुरावा द्यायची जबाबदारी कामगारावर आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितलं. पण हजेरीपट मालकाकडे असतो. म्हणून न्यायालयात अर्ज करून तो मागायचा. मागूनही आणला नाही तर त्याचा अर्थ मालकाच्या विरुद्ध लावता येतो.

कोणतं दार आपलं?

या टप्प्यावर चूक झाली तर पुढची मेहनत फुकट जाते, कारण प्रत्येक दाराची मुदत वेगळी आहे.

खासगी शाळेतल्या शिक्षकाने कामगार न्यायालयात जायचंच नाही. शिक्षक हा कायद्याच्या व्याख्येतला "कामगार" नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात ठरवलं. महाराष्ट्रात १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याखाली शाळा न्यायाधिकरण आहे आणि तिथे अपिलाची मुदत अवघी ३० दिवसांची. संस्थाचालकाच्या वाड्यावर खेटे घालण्यात महिना सहज जातो.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे "मॅट": मुंबईत, शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला खंडपीठं. मुदत साधारण एक वर्ष. केंद्राच्या कर्मचाऱ्याला केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे "कॅट". राष्ट्रीयीकृत बँक, विमा कंपनी, बंदर यांतल्या कामगारांचे वाद केंद्रीय औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जातात, ती मुंबई आणि नागपूरला आहेत.

बाकी कारखाना, दुकान, हॉटेल, दवाखाना, सहकारी संस्था, सोसायटीचा वॉचमन, यांचं दार कामगार न्यायालय. इथे प्रश्न येतो तो "तुम्ही कामगार आहात का" हाच. व्हिजिटिंग कार्डावर मॅनेजर लिहिलंय म्हणून कोणी मॅनेजर होत नाही. दिवसभर मुख्यतः काय काम करत होता ते बघतात. हाताखालच्यांची रजा मंजूर करायचा, कारवाई करायचा अधिकार होता का? की नाव मोठं आणि काम कारकुनी किंवा तांत्रिक? देखरेखीचं काम करणाऱ्यांना पगाराची मर्यादाही आहे. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात ती महिना १०,००० रुपये होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेत १८,००० आहे. कारकुनी, तांत्रिक, अंगमेहनतीचं काम असेल तर पगार कितीही असो, तुम्ही कामगारच. आयटीतल्या मुलांनी हे वाक्य दोनदा वाचावं. खरोखरच मॅनेजर असाल तर दिवाणी न्यायालय उरतं, आणि तिथे बहुतेकदा नोटीस पगार किंवा भरपाई मिळते, खुर्ची परत मिळत नाही.

ठेकेदारामार्फत लागलेल्यांनी इथे जरा थांबावं. "आम्ही खरे कंपनीचेच कामगार" अशी अनुचित श्रम प्रथेची तक्रार थेट केली आणि कंपनीने मालक-कामगाराचं नातंच नाकारलं, तर ती टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा सिप्ला निकाल तेच सांगतो. आधी औद्योगिक विवादाच्या मार्गाने (खाली सांगितलेल्या दुसऱ्या वाटेने) नातं सिद्ध करावं लागतं. कितीतरी संघटनांनी ही तक्रार घाईत केली आणि पाच-सहा वर्षांनी पहिल्या पायरीवर परत आल्या.

दोन वाटा, आणि एकच निवडायची

महाराष्ट्रातल्या कामगाराला काढल्यावर दोन वाटा असतात.

पहिली वाट १९७१ च्या महाराष्ट्र कामगार संघटना मान्यता व अनुचित श्रम प्रथा प्रतिबंध अधिनियमाची. कोर्टाच्या आवारात तिला सगळे "यूएलपी" म्हणतात, अनुचित श्रम प्रथेच्या इंग्रजी नावावरून. थेट न्यायालयात जाता येतं, मध्ये सरकारी अधिकारी नाही, आणि अंतरिम आदेश मागता येतो. मुदत ९० दिवस; त्यानंतर सबळ कारण दाखवलं तरच. बडतर्फीची तक्रार, म्हणजे चौथ्या अनुसूचीतली बाब १, कामगार न्यायालयात. आकसाची बदली, वर्षानुवर्षं हंगामी ठेवणं, करार न पाळणं या तक्रारी औद्योगिक न्यायालयात.

दुसरी वाट औद्योगिक विवादाची. आधी कामगार आयुक्त कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज, तिथे तडजोड झाली नाही तर न्यायालय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद अधिनियम तिच्यात गेला. एकट्या कामगाराला काढल्याचा वाद असेल तर समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यापासून ४५ दिवसांनी थेट न्यायाधिकरणात जाता येतं, ही जुनी सोय तिच्यातही आहे. मुदत मात्र आता दोन वर्षांची आहे, जुन्या कायद्यात तीन होती. जुन्या तारखेला काढलेल्यांनीही दोनच वर्षं धरून चालावं, वादाला जागा ठेवू नये. संहितेने रद्द केलेले कायदे तीन: औद्योगिक विवाद, कामगार संघटना आणि स्थायी आदेश यांचे. महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा त्या तिघांत नाही. गोव्यातल्या वाचकांना मात्र ही यूएलपीची वाट नाही, त्यांनी समेट अधिकाऱ्यापासूनच सुरुवात करायची.

दोन्ही वाटा एकदम धरता येत नाहीत. एका कायद्याखाली प्रकरण सुरू केलं की त्याच बाबीसाठी दुसरा बंद. माझं मत विचाराल तर ९० दिवसांच्या आत असाल, तुम्ही कंपनीचे थेट कामगार आहात यावर वाद नसेल आणि काढण्यामागे आकस किंवा खोटा आरोप दाखवता येत असेल, तर यूएलपी. कंपनीने फक्त भरपाई न देता कमी केलं, किंवा ९० दिवस उलटले, तर दुसरी वाट बरी. यूएलपीत केवळ "बेकायदा काढलं" एवढ्यावर भागत नाही, अनुचित प्रथा सिद्ध करावी लागते.

तक्रारीत काय लिहायचं

बाब १ मध्ये सात प्रकार आहेत: सूडबुद्धीने काढणं, अधिकाराचा बनावट वापर, फौजदारी गुन्ह्यात खोटं गुंतवणं, उघड खोटी कारणं, विनारजा गैरहजेरीचा रचलेला आरोप, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून किंवा नको तितक्या घाईने केलेली चौकशी, आणि क्षुल्लक गैरवर्तनाला धक्का बसावा इतकी मोठी शिक्षा. वकील सवयीने सातही टाकतात. तुम्ही आग्रह धरा की यातले कोणते आपल्याला लागू आहेत आणि कोणत्या घटनेमुळे, हे तारखांसह लिहिलं जावं. "युनियनचा फॉर्म भरला १२ तारखेला, आरोपपत्र आलं १९ ला" या एका ओळीत आकस दिसतो, तो पानभर विशेषणांत दिसत नाही.

तीन गोष्टी तक्रारीत हव्यातच: सेवासातत्यासह (म्हणजे मधला काळही नोकरीत धरून) कामावर परत घेण्याची मागणी, मागील पगाराची मागणी, आणि काढल्यापासून तुम्ही कुठेही नोकरीला नाही हे विधान. हे विधान राहिलं की मागील पगार धोक्यात येतो. २०१३ साली महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बडतर्फी चुकीची ठरली तर मागील पगार हा साधारण नियम, आणि कर्मचाऱ्याने बेकारीचं विधान केल्यावर तो दुसरीकडे कमावत होता हे सिद्ध करणं मालकाचं काम.

तक्रारीसोबत अंतरिम अर्ज जातो. कामगाराच्या कागदांना "यू" आणि कंपनीच्या कागदांना "सी" निशाणी पडते, आणि हा अर्ज बहुधा यू-२ असतो. खरं सांगायचं तर, एकदा काढल्यावर अंतरिम आदेशाने आत जाणारा कामगार विरळाच. बडतर्फीचा आदेश निघायच्या आधी, कारणे दाखवा नोटिशीवर, धावलात तर स्थगितीची शक्यता बरी असते.

चौकशी चालू असेल तर

निलंबित असाल तर निर्वाह भत्ता तुमचा हक्क आहे: पहिले ९० दिवस निम्मा पगार, पुढे ७५ टक्के. घरगुती चौकशीवर, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत चौकशीवर, रागाने बहिष्कार टाकू नका, एकतर्फी चौकशी मालकाला हवीच असते. मराठीत चौकशी, कागदांच्या प्रती, सहकारी प्रतिनिधी या मागण्या लेखी करा. नाकारल्या तरी हजर राहा आणि रोजच्या इतिवृत्तावर "हरकत नोंदवून सही" असं लिहा. न्यायालय पुढे पहिल्यांदा हेच तपासतं की चौकशी रीतसर झाली का आणि निष्कर्ष पुराव्याला धरून आहेत का. चौकशी तिथे कोसळली, तर कंपनीला गैरवर्तन न्यायालयात नव्याने सिद्ध करावं लागतं, आणि तोवर तिचे साक्षीदार सुपरवायझर नोकरी सोडून गेलेले असतात.

तारखा आणि उलटतपासणी

कायद्याला तक्रारीचा निकाल शक्यतो सहा महिन्यांत अपेक्षित आहे. प्रत्यक्षात वर्षं जातात. प्रत्येक तारखेला स्वतः जा. न्यायाधीश रजेवर असले, वकील "गरज नाही" म्हणाले, तरी जा आणि रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवशीच्या नोंदीत) काय लिहिलं ते वाचून या. कामगार गैरहजर म्हणून निकाली निघालेल्या तक्रारी मी स्वतः पुन्हा उभ्या केल्यात, आणि तेवढ्या श्रमात एक नवी केस लढून झाली असती.

तुमचं प्रतिज्ञापत्र हीच तुमची साक्ष. ते सही करण्यापूर्वी मराठीत समजून घ्या. मग कंपनीचा वकील उलटतपासणीत हमखास विचारतो, घर कसं चालतं? बायको काय करते? भावाचा भाजीचा गाडा आहे ना, तुम्ही तिथे बसता? इथे लोक घाबरून खोटं बोलतात आणि जिंकलेली केस घालवतात. गाड्यावर बसत असाल तर बसतो म्हणा, महिन्याला काय सुटतं तेही सांगा. पोट भरायला केलेली किरकोळ मजुरी आणि पक्की नोकरी यातला फरक न्यायाधीशांना कळतो. "काहीच करत नाही" म्हटलं आणि पुढच्या तारखेला गाड्यावरचा फोटो आला, तर तुमच्या बाकीच्या शब्दांवरचाही विश्वास उडतो.

तडजोड

मध्येच कधीतरी कंपनी रक्कम पुढे करते. ती पाप नाही. निवृत्तीला चार वर्षं उरली असतील आणि कारखानाच दुसऱ्या राज्यात चालला असेल, तर मी तडजोडीच्या बाजूने बोलतो. पस्तिशीतल्या माणसाने लढावं असं म्हणतो. पण आकडा ठरवण्याआधी जे तसंही तुमचं आहे ते वेगळं काढा. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. २६,००० पगार आणि १२ वर्षं असतील तर १,८०,००० रुपये. "दोन लाख देतो" म्हणणारा मालक यातले एक लाख ऐंशी हजार तुमचेच तुम्हाला देत असतो. रजेचा पगार आणि बोनस त्याच्या वर.

तडजोडीची पुरसिस, म्हणजे कोर्टात द्यायचा तडजोडीचा लेखी कागद, दाखल होण्याआधी बघा: ग्रॅच्युइटी धरून की सोडून, रक्कम एकरकमी की हप्त्यांत, सेवेचं प्रमाणपत्र मिळणार का, पीएफच्या नोंदीत नोकरी संपल्याची तारीख कोणती पडणार. डिमांड ड्राफ्ट हातात आणि सही कागदावर, एकाच वेळी. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील नसतं, हे सही करताना लक्षात असू द्या.

वकिलाचा खर्च

ऑफिसात येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ही गोष्ट माहीत नसते: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींनाही तसाच हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे साधा अर्ज करायचा. युनियनचा पदाधिकारीही तुमची बाजू मांडू शकतो. खासगी वकील केलात तर फी टप्प्याटप्प्याने ठरवा आणि मूळ कागद कुणालाच देऊ नका, झेरॉक्स द्या.

निकालानंतर

यूएलपीत कामगार न्यायालयाच्या निकालावर औद्योगिक न्यायालयात पुनरीक्षण, म्हणजे निकाल पुन्हा तपासण्याचा अर्ज, मग उच्च न्यायालय. दुसऱ्या वाटेच्या निवाड्यावर कंपनी थेट उच्च न्यायालयात जाते. म्हणून निकाल बाजूने लागला की पेढे वाटायच्या आधी वरच्या न्यायालयात कॅव्हेट टाका, म्हणजे तुमचं ऐकल्याशिवाय स्थगिती मिळणार नाही. तिची मुदतही ९० दिवसच आहे, संपली तर पुन्हा टाका. कामावर घेण्याच्या निवाड्याला कंपनीने उच्च न्यायालयात आव्हान दिलं, तर प्रकरण चालू असेपर्यंत शेवटचा पगार दरमहा मागता येतो. त्यासाठी तुम्ही बेकार असल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

पैसे देत नसतील तर वसुली दाखला काढून घ्या, जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात. तहसील कार्यालयात तो दाखला धूळ खात पडतो, तेव्हा महिन्यातून एक चक्कर आणि प्रत्येक चक्करला एक अर्ज. यूएलपीतला आदेश मोडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि तिचा फौजदारी अर्ज दाखल झाला की मोठे साहेब सहसा दौऱ्यावरून परत येतात.

स्थगिती नसेल तर निकालाची प्रमाणित प्रत हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या वेळेला गेटवर जा. सोबत हजर होत असल्याचं पत्र, दोन प्रतींत. एक सुरक्षारक्षकाकडे द्यायची आणि दुसरीवर वेळ टाकून त्याची सही घ्यायची. सही देत नसेल तर तिथून सरळ पोस्टात.